बोटीचं इंजिन आता हळू वाजते

बाबा,

बोटीची चावी मी सोबत नेली, शोधत बसू नोका.

तुम्ही म्हणत होते, आपल्या बोटीवरच्या जीवननं बोंब मारली तवा इंजिनाच्या कलकलाटात काही ऐकू आलं नाही. म्हणून मी धरणावर बसून इंजिनाचा आवाज कमी केला. सायलेन्सर फुटला होता, तो बदलला. इंजिनाखाली जुन्या टायरचे तुकडे टाकून नटबोल्ट आवळले, आता फळ्या थरथरत नाहीत. झाकणाले आतून फोम लावला. हवेची फट मुद्दाम सोडली आहे. आवाज आणखी दाबाले तिथं चिंध्या कोंबू नोका, इंजिन तापते. काल शकूरचाचानं बोट फिरवून पाह्यली. चालू इंजिनापाशी आम्ही साध्या आवाजात बोलत होतो.

जीवन तुमाले काही म्हणणार नाही. बोटीच्या पंख्यात जाळं गुतलं, त्याचा हात ओढला गेला, तरी तो म्हणते माझंच चुकलं. मले तसं म्हणता येत नाही.

मी बुलढाण्याले कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावाले चालली. तुम्ही दुपारच्या गाडीनं या. भाकर झाकून ठेवली आहे, खाऊन निघा.

हे तोंडानं काऊन नाही सांगतलं म्हणसान. काल तुम्ही जेवत होते तवा मागं उभी राहून सांगतलं, बाबा. मंग ओरडून सांगतलं. माय रडाले लागली, तुम्ही भाकर मोडत राह्यले.

घरात तर इंजिन नव्हतं.

प्रतीक्षा