फ्रिजमधील राणीच्या ओळखीबाबत

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला असे गृहीत धरतो; गेला नसल्यास गृहीतक मागे घेतो. मी बरा आहे. पत्रास कारण तुझ्याच अभ्यासाचा विषय, एक मुंगी आहे.

दीड महिन्यापूर्वी ती मला मोरीच्या कठड्यावर सापडली. काळी, नखाएवढी, पंख गाळलेली, म्हणजे राणी. (‘म्हणजे’ हा शब्द मी चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना जपून वापरला आहे.) तू सांगितल्याप्रमाणे काचेच्या नळीच्या तळाशी पाणी भरून, मध्ये कापूस घालून, कोरड्या बाजूस मी तिला टेबलाच्या खणात ठेवले. मग तू पाठवलेली ओळखतालिका घेऊन बसलो. कमरेला गाठी किती? एक. पाठीची रेषा अखंड की खाच असलेली? अखंड. मिशांचे खंड? अकरा, बारा, पुन्हा अकरा. (ती हलत होती. वादात हलणारे प्रतिपक्षी मी बरेच पाहिले, इतका देखणा एकही नाही.) निष्कर्ष: सुतार मुंगी. परंतु कोणती?

छायाचित्रापुरती ती स्थिर राहावी म्हणून नळी पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली. चौथ्या मिनिटाला तुझ्या मामीने दुधासाठी फ्रिज उघडला. खुलासा मी मुद्देसूद केला. ती एवढेच म्हणाली, “माझं कपाट पोखरणारी असेल, तर रविवारी ही बाहेर. आणि वाद घालू नका. वाद तुम्ही जिंकता, घर मी झाडते.”

सुतार मुंग्यांच्या काही प्रजाती लाकडात राहतात, काही मातीत. निवाडा तुझ्या हाती आहे. दीड महिना हिने अन्नाचा कण घेतलेला नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी. तेच विरघळवून ती आपल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना भरवते, हे तू लिहिले होतेस तेव्हा मी केवळ विधान म्हणून वाचले. आता पाहतो. एकेक अळी उचलते, चाटते, कोरड्या जागी नेते. आपले उडणे ती घासाघासाने वाटून टाकते आहे. नळीसमोर मी तासभर बसतो, आणि मिशांचे खंड मोजायचे विसरतो.

तुझा,
मामा

ता. क. ‘पुराव्याअभावी प्रजाती ठरवता येत नाही’ असे तुला प्रामाणिकपणे लिहिता यावे, म्हणून सोबतची छायाचित्रे मी हात हलवून काढली आहेत.

ता. क. २. मामीने स्वतः स्वच्छ छायाचित्र काढून तुला पाठवल्याचे आत्ताच कळले. तिचा प्रश्न मात्र प्रजातीचा नाही. सकाळी पहिली कामकरी मुंगी कोशातून बाहेर आली. तिला काय भरवायचे, असे मामी विचारते. त्याचे उत्तर आधी दे. ती फोन हातात घेऊन बसली आहे.