बावीस डिसेंबरची बंदी

१८ जानेवारी २०१४, शनिवार

सापडला! विषय सापडला!

१ मार्चला वाचन मंडळात बोलायचंय. निशिकांतकाकांनी दिवाळीतच बजावलं होतं — "विनीता, या वेळी तू. इतिहासातलं काहीही चालेल, फक्त शिवकाल नको, तिथे आधीच तिघं रांगेत आहेत." मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून त्यांना टाळत होते. आज लेकीची, गार्गीची, पुस्तकं परत करायला सेंगकांगच्या लायब्ररीत गेले आणि एक जाडं पुस्तक सहज उघडलं. पाऊण तास उभीच!

१८०७. अमेरिका तेव्हा अगदी नवा देश. इंग्रजांच्या युद्धनौकेनं त्यांच्या जहाजावर तोफा डागल्या, चार खलाशी उचलून नेले. सगळा देश 'युद्ध करा' म्हणून ओरडतोय. आणि जेफरसन, त्यांचा अध्यक्ष, काय करतो? आपलीच बंदरं बंद! आमचं एकही जहाज परदेशी जाणार नाही. कापूस नाही, धान्य नाही — बसा आमच्यावाचून! एकही गोळी न झाडता शिक्षा!

केवढा मोठा माणूस! मला असा माणूस फार पटतो. आरडाओरडा करणारे मला आवडतच नाहीत.

२० जानेवारी, सोमवार

MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, वाचत बसले. धोबी घाट स्टेशनला गाडी बदलायची विसरले, थेट शेवटचं स्टेशन, हार्बरफ्रंट! रॅफल्स प्लेसला ऑफिसात वीस मिनिटं उशिरा. पण काय मजा आली!

हा सगळा कायदा कागदांवर चालायचा. कुठलं जहाज, कुठला माल, कुठे निघालं, हमीपत्र कुठे आहे. म्हणजे माझंच काम की! बँकेत सोळा वर्षं मी दुसरं काय करते? माल पाठवणाऱ्यांचे कागद तपासते. एक तारीख चुकली, एक सही राहिली की परत. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं आमचा साहेबही म्हणतो. १८०७ साली मी त्या बंदरावर हवी होते!

२६ जानेवारी, रविवार

जेवताना नवऱ्याला, विवेकला, आणि गार्गीला सगळं सांगितलं. विवेक म्हणाला, "छान आहे." त्याचं छान म्हणजे ताटाकडे बघून.

गार्गी पंधरा वर्षांची, पण जीभ पन्नास वर्षांची. म्हणते, "Mama, this one is just you and Smita mavshi lah. अबोला."

विवेकनं घाईघाईनं ताक मागितलं.

२७ जानेवारी

अजिबात तसं नाही.

२८ जानेवारी

तसं का नाही, ते लिहूनच ठेवते.

स्मिता माझी धाकटी बहीण. या बेटाच्या त्या टोकाला, चोआ चू कांगला. २०१२च्या डिसेंबरात आई पुण्याहून आमच्याकडे आली होती, तिची पंचाहत्तरी इथेच करायचं ठरलं. तारखेनं वाढदिवस १२ डिसेंबरला. मी हॉटेलात केक कापला, तीस माणसं. स्मिताला रीतसर मेसेज केला होता. आली नाही. 'जमत नाही' एवढंही कळवलं नाही! आईनं दोनदा विचारलं, मी सावरून घेतलं.

मग दहा दिवसांनी तिथीनं वाढदिवस आला. मी कामासाठी हाँगकाँगला. स्मितानं तिच्या घरी पंचाहत्तर दिव्यांनी आईला ओवाळलं. विवेक आणि गार्गीसुद्धा फोटोत! मी फोन केला, दोन दिवस थांबली असतीस तर काय झालं असतं? तर म्हणते, "ताई, तिथी तुझ्या मीटिंगा बघून येत नाही."

मी भांडले नाही. एक शब्द बोलले नाही. फोन ठेवला, तो ठेवलाच. ना फोन, ना दिवाळीचा फराळ, ना भाऊबीजेला गार्गीला तिच्या मुलाकडे, राजसकडे पाठवलं.

याला भांडण म्हणतात का? मी शांतताप्रिय आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

चायनीज न्यू इयरची सुट्टी. आज तस्करीचं प्रकरण वाचलं आणि एकटीच हसले. बंदी घातली खरी, पण लोक कॅनडाच्या सरहद्दीवरून माल पार करत होते. सरोवरातून तराफे भरभरून! अध्यक्ष तिकडे कडक नियमांवर नियम काढतोय आणि इकडे त्याचेच लोक रोज त्याला चुकवतायत. बिचारा! घरातलं ज्याला दिसत नाही त्यानं देश कसा चालवावा?

८ फेब्रुवारी, शनिवार

मलाच दिसत नव्हतं!!

खोबरं किसायला मोठा डबा काढायला गेले. ओट्याखालच्या कप्प्यात, तांदळाच्या पिशवीमागे, स्टीलचा डबा. आत मेथीचे चार लाडू. झाकणावर नाव कोरलेलं — स्मिता. लग्नात आईनं आम्हा दोघींना सारखे डबे दिले होते, एकेकीचं नाव घालून. मागच्या आठवड्यात विवेक म्हणाला होता, हे लाडू ऑफिसातल्या बाईंनी दिले. मी दोन खाल्लेही होते! वर म्हटलं, चव ओळखीची वाटते.

गार्गीला उभं केलं. आधी "don't know", मग "cannot say", मग रडू. शनिवारचं 'प्रोजेक्ट' म्हणजे चोआ चू कांग. वर्षभर! आणि डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून विवेक माझ्या फ्रीजमधलं काहीबाही भरून पाठवायचा. म्हणजे माझ्या हातची भरली वांगी स्मिता वर्षभर खातेय! आणि मी म्हणतेय, बंदी कडक चालू आहे.

"मावशी काही विचारते माझ्याबद्दल?"

"No. तिनं पण रूल केलाय. तुझं नाव घ्यायचं नाही."

रूल? तिनं कशाला?

इतकी चिडले की हसूच आलं.

१० फेब्रुवारी

त्या बंदीवर सही झाली ती तारीख — २२ डिसेंबर! मी हाँगकाँगहून फोन ठेवला ती तारीख — २२ डिसेंबर! अंगावर काटा आला. ऑफिसात अरुणाला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकडे उठली कधी?" १ मार्चला, सव्वा वर्षानं. आणि माझं भाषण १ मार्चला!

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा भाग वाचून पुस्तक मिटलं. इंग्रजांना फारसा फरकच पडला नाही. त्यांना दक्षिण अमेरिकेत दुसरी गिऱ्हाइकं मिळाली. सडली ती अमेरिकेचीच जहाजं. डोलकाठ्या पावसात कुजू नयेत म्हणून त्यांच्यावर डांबराची पिंपं उपडी घालून ठेवायचे. खलाशी धक्क्यावर बसून. ज्यांच्यासाठी एवढं केलं, तेच उपाशी.

सव्वा वर्षात पुण्याला आईशी बोलताना मी एकदाही 'आम्ही दोघी' म्हटलेलं नाही. पाडव्याला पुरण एकटीनं वाटलं. हसायला कुणी नव्हतं. स्मिता किती हसते, खोकला येईपर्यंत हसते. मला तिची आठवण येते. लिहिलं एकदाचं.

ठरलं! डबा मी स्वतः परत करणार. भरून. खोबऱ्याच्या वड्या, गुलाबी रंग घालून, तिला लहानपणी आवडायच्या तशा. २ मार्चला, भाषण झालं की.

१ मार्च, शनिवार

झालं! काय झालं! चाळीस माणसं, एक जण जागचा हलला नाही. पिंपांची गोष्ट सांगितली तेव्हा काकांनी चष्मा पुसला. मी हेही सांगितलं की पुढे तीन वर्षांनी युद्ध झालंच. मागून एका बाईंनी विचारलं, "चुकतंय हे दिसत होतं, तर उठवायला सव्वा वर्ष का?"

मी म्हणाले, "कारण बंदी घालणाऱ्याला आपलंच खरं वाटत असतं." टाळ्या! गार्गीनं शिट्टी मारली, चक्क!

वड्या थापून ठेवल्यात. छान पडल्यात. उद्या!

२ मार्च, रविवार

चोआ चू कांगला पोचले, बेल दाबली. स्मितानं दार उघडलं. डबा बघितला, मला बघितलं. म्हणाली, "आधी वडी दे."

मग दोघी रडलो, मग हसलो, मग तिला खोकला आला. मी म्हटलं, "सव्वा वर्ष अबोला धरला मी, माफ कर." तर ती चकित! "तू? अबोला तर मी धरला होता! १२ डिसेंबरपासून."

"कशाबद्दल?"

"आईच्या पंचाहत्तरीला तीस माणसं बोलावलीस, मला नाही."

"अगं, मेसेज केला होता! शप्पथ!"

"नाही आला, ताई. मी जरीची साडी इस्त्री करून वाट बघत होते. मग म्हटलं, तिथीनं मी करते."

"आलाच असणार! तू बघितला नसशील."

"बरं, असेल," ती म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली, हे कळत होतं. मला राग आला थोडा. पण भांडले नाही. तिनं डबा धुतला, चकल्या भरल्या आणि परत माझ्याच हातात दिला. "आता तूच आणायचा," म्हणाली. येताना MRT मध्ये गाणं गुणगुणत होते!

मेसेज मी केला होता. पुराव्यानिशी दाखवणार तिला.

३ मार्च, सोमवार

जुना फोन शोधून चार्ज केला. मेसेज आहे. 'स्मिता, १२ तारखेला सात वाजता, सगळ्यांनी या, तुझ्याशिवाय आई केक कापणार नाही.'

ड्राफ्टमध्ये.