काठावरचा चारा

कफ्र सल्लाम, ४ मार्च १९८६

ती. इकरामताईस बसीमाचा सलाम वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, गाय नाही. दूध पाण्यासारखं झालंय, लोण्याचा गोळा लिंबाएवढाही निघत नाही. सून घरात आल्यापासून हे सुरू झालं. नजातची दृष्ट वाईट, असं सगळी गल्ली म्हणते. माझ्या सोभीला बायकोबद्दलचं हे पटेना, पण मी तिला काल बापाकडे धाडून दिलं. गाय खाटकाला द्यावी का? कळव, आणि मास्तरणीसारखं लिहू नकोस.

धाकटीवर जीव असू दे.

बसीमा

तांता, ९ मार्च

चि. बसीमा हिस अनेक आशीर्वाद.

मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही. गाईच्या जबड्याखाली सूज आहे का, पापणी आतून पांढरी पडली आहे का, बघ. असेल तर यकृतात चपटे जंत आहेत. दृष्टीने लोणी कमी होत नाही. हे जंत कालव्यातल्या गोगलगायींतून निघून पाण्याकाठच्या गवताला चिकटतात. चारा कोण आणतं, कुठून? गुरांच्या डॉक्टरला शेण दाखव. खाटकाचं नाव काढू नकोस.

तुझी रागीट ताई,

इकराम

कफ्र सल्लाम, १८ मार्च

ती. ताईस सलाम वि. वि.

सूज होती. शेणात जंतांची अंडी सापडली, औषध पाजलं. चारा नजातच आणायची. तिचं माहेर वाळवंटाच्या कडेला, हिरवं पातं दिसलं की हरखते. शेतातला बरसीम घास सोडून ती कालव्यात उतरून लुसलुशीत गवत कापायची, गाईला आवडतं म्हणून. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. सोभी तिला आणायला गेला, तर बाप म्हणाला, दृष्टीची म्हणून धाडलीत, आता तुझ्या आईनेच येऊन चारचौघांत बोलावं. तूच त्याला लिही ना. शिकलेल्या बाईचं ऐकेल.

माया राहू दे.

बसीमा

तांता, २३ मार्च

चि. बसीमा हिस आशीर्वाद.

मी लिहिणार नाही. वाळवंटाकडच्या मुलीला कालव्याचं पाणी कोणी समजावून सांगायला हवं होतं? तू जा. औषध दुधात उतरतं; डॉक्टर सांगेपर्यंत ते कोणाला देऊ नकोस, ओतून टाक.

इकराम

कफ्र सल्लाम, ३० मार्च

ती. ताईस सलाम वि. वि.

जाऊन आले. व्याह्यांच्या घरी तुपाशिवाय जायची आपल्यात रीत नाही, पण दूध ओतून टाकत होते, तूप कुठून आणू? दारातल्या बायकांनी आधी माझ्या हातांकडेच पाहिलं. तूप का नाही ते सांगू लागले आणि सगळंच बोलून गेले: दृष्ट नव्हती, जंत होते, आणि काठाचं गवत कापू नये हे मी सुनेला सांगितलं नव्हतं. मग तिच्या बापाने चहा मागवला.

नजात बोचकं घेऊन बाहेर आली. म्हणाली, गाईचा चारा यापुढेही मीच कापणार. मी म्हटलं, काप.

बसीमा