नाळ कुठल्या काठाला

चि. लायेफास ताईचे आशीर्वाद.

अबुजाला धड पोचले. खोलीत पंखा आहे, तो फिरतोसुद्धा. गुडघा कुरकुरतो, पण तो घरीही कुरकुरायचाच. तुझा खोकला कसा आहे?

इथली गंमत ऐक. आपण दवाखाना मागायचो तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांची राज्यं म्हणायची, "तुम्ही पलीकडचे." आता आपल्या खाडीत तेल लागलं, तर दोघांचेही वकील मला मिरीचं झणझणीत पेपर सूप पाजतात आणि गाव आपलंच म्हणतात.

काल एकाने विचारलं, "आजी, तुमची नाळ कुठल्या काठाला पुरली?"

"अलीकडच्या."

तो खूश होऊन लिहायला लागला. मी म्हटलं, "थांब बाबा. पुढे पुरात घर पलीकडे हलवलं, धाकटीची, लायेफाची नाळ तिकडे आहे. आता आमची आई कुठल्या राज्याची लिहिशील?"

"आईचं राहू द्या, आजी."

का राहू द्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही. एवढी शिकलेली माणसं, तुला काही सुचतंय का?

उद्या कोर्टात साक्ष आहे, गाव कुठल्या राज्याचं याची. मी एक काठ सांगितला की दुसरा परका होणार, आणि तुझ्या नातीला आपल्याच शाळेतून बाहेरची म्हणून हाकलतील. म्हणून मी दोन्ही काठ सांगणार. त्यांच्या कागदावर तेवढी जागा नसेल तर त्यांनी मोठा कागद आणावा.

तिकडे कोणी तांदळाचं पोतं घेऊन आलं, तर पोतं ठेवून घे. अंगठा देऊ नको.

तुझी ताई,
बोमो