भ्यालो होतो, भांबावलो नव्हतो

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. चौकशीतून सुटलो एवढंच काल फोनवर सांगितलं. तुझं लेक्चर होतं, बाकीचं राहून गेलं. म्हणून लिहायला बसलोय.

त्या मंगळवारी कुरकुंभच्या केमिकल प्लँटवर नेमकं काय झालं, ते तुला धड कळलंच नाही. फर्स्ट शिफ्टला मी रिअॅक्टरवर होतो. थंड पाणी चालू असूनही आतलं तापमान चढत चाललं होतं. इनचार्ज म्हणाले, "थांब जरा, उतरेल." मी काटा पाहिला, खाली गोण्या उचलणारी सहा माणसं पाहिली आणि थांबलो नाही. आत पडणारा माल बंद केला, सायरन दिला, माणसं बाहेर काढली. मालाची बॅच वाया गेली, पण कुणाला ओरखडाही आला नाही.

दोन दिवसांनी इंग्रजी रिपोर्ट सहीला आला. बावीस वर्षं असल्या कागदांवर मी न वाचता सह्या केल्यात. या वेळी माझ्या नावापुढच्या 'पॅनिक' शब्दापाशी बोट अडलं. तुला फोटो पाठवला, तर तुझा लगेच फोन. "पप्पा, सही करू नका. तुम्ही घाबरला होता का?" म्हटलं, "घाबरलो तर व्हतो." तू म्हणालीस, "ते फिअर. भीती वाटते, पण माणूस भानावर असतो. पॅनिक म्हणजे भीतीनं भांबावून भलतंच करून बसणं. बॅच गेली त्याचा दोष ते तुमच्यावर ढकलतायत."

मी सही केली नाही. काल चौकशीत उभा राहिलो. सरळ बोललो. "साहेब, मी भ्यालो व्हतो, हे खरं हाय. पॅनिक न्हाई झालो. झालो असतो तर पहिल्यांदा मीच पळालो असतो. मी सगळ्यांच्या मागनं बाहेर आलो. काय केलं, कवा केलं, समदं लॉगबुकात हाय." सेफ्टीच्या मॅडमनी लॉगबुक मागवलं. नोंदी जागच्या जागी होत्या. थंड पाण्याची लाइन आतून चोकअप झाल्याचंही निघालं. मॅडमनी सगळ्यांसमोर तो शब्द खोडला आणि विचारलं, "हा फरक तुम्हाला कुणी सांगितला?" मी म्हणालो, "माझ्या लेकीनं. इंग्रजीत एम.ए. करतीय ती." दीक्षा, तेवढं वाक्य मी जरा मोठ्यानंच बोललो.

तुझी आई सांगत होती, तू कॉलेज सोडून रांजणगावला नोकरी धरायचं म्हणतेस. न्हावरे गावच्या त्या लग्नात, चार पाहुण्यांदेखत, "भाषा शिकून कुणाचं पोट भरलंय?" असं मीच बोललो होतो. तू ताटावरून मान वर केली नाहीस. माझं चुकलं, बाळा. हे तोंडावर म्हणायला मला जमलं नसतं, म्हणून हा कागद. नोकरी करायचीच असेल तर तुझ्या मनानं कर, माझ्या त्या बोलण्यापायी नको. परीक्षेचा फॉर्म शनिवारपर्यंत आहे म्हणे. भर.

तुझाच,
पप्पा