दोन प्रयागबाई

१८ नोव्हेंबर २०२४
आले बाई एकदाची माळेगावला! प्रयागबाईंच्या खानावळीत भाकऱ्या थापायचं काम आणि राहायला मागची खोली. साखर कारखाना सुरू झालाय, त्यामुळं जेवायला नुसती झुंबड. प्रयागबाई तोंडानं फटकळ, पण पहिलं ताट मलाच वाढलं. आदी खा, मग राब म्हणाल्या. एका ट्रॅक्टरवाल्यानं भाकरी जाड आहे म्हणून कुरकुर केली. मी त्याला विचारलं, दात पडलेत का तुझे? सगळे खो खो हसले.

२७ नोव्हेंबर
डोकं ठणकतंय. चुलीचा धूर असेल. नाहीतर दुसरंच काही. एचआयव्हीच्या गोळ्या मी इंदापुरातच कंटाळून सोडल्या, वर्ष होईल. बारामतीच्या सरकारी दवाखान्यात पुन्हा सुरू करता येतील, पण तिथल्या रांगेत एखाद्या गिऱ्हाइकानं बघितलं तर? माझ्या हातच्या भाकरीनं कुणाला काही होत नाही, हे मला ठाऊक. पण खानावळीतल्या लोकांना कोण पटवून देणार? काम जाईल, खोलीही जाईल.

५ डिसेंबर
ताप. ओकाऱ्या. प्रयागबाई स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेल्या, अगदी शेजारी बसल्या. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दुसरा काही आजार, चालू औषधं? दोन्ही वेळा नाही म्हटलं. एवढी बडबडी मी, आणि तेवढंच तोंडातून निघेना. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन परत आलो.

९ डिसेंबर
मान वाकत नाही. कारखान्याचा भोंगा झाला की डोकं फुटतं. उजेड सोसत नाही. प्रयागबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. दारात दोन प्रयागबाई उभ्या होत्या. दोघी एकदम वाकल्या. मी किंचाळले. फार भीती वाटते.

११ डिसेंबर
तव्याला काय म्हणतात ते मघाशी आठवेना. हातात धरून बसले. प्रयागबाई पाय चेपत म्हणाल्या, काय असंल ते सांग बये, मी काय तुला हाकलती व्हय. अगं बाई, आधीच का नाही सांगितलं मी — सांगते. उद्या खरंच —

तारीख —
सांगायला गेले. जीभ भलतंच बोलते. पाणी, पाणी, एवढंच येतंय. त्या पाणी पाजतायत.

गाडी बोलावलीय, मोठ्या दवाखान्यात न्यायला. म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला एचआयव्ही आहे. डॉक्टरला सांगा. वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी कपाळाला लावली. देवाचं लिवतीस व्हय म्हणाल्या. उशाखाली ठेवली, नीट.

वाचता येत नाही त्यांना.

उशाखालून काढली परत. गाडी वाजली. वही बरोबर घ्या — डॉक्टर वाचतील — वही —