राउटरांचा नमस्कार बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. मानद चिटणीस श्री. मल्हारराव माने,
दक्षिण मराठी हितवर्धिनी संस्था,
मुख्य कार्यालय, शिवाजीनगर, बेंगळूरु.

अर्जदार : स्मिता देवपुजारी, तारयंत्र लेखनिक (कंत्राटी)

विषय : आनेकल, शिवाजीनगर व इंदिरानगर येथील राउटरांनी एकमेकांना दर दहा सेकंदांनी करावयाचा नमस्कार सोमवारपासून बंद करण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, दि. १० नोव्हेंबर २०२५.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. पैकी तीन अर्जांना उत्तर नाही. चौथा, त्यात 'मी' हा शब्द आल्यामुळे, परत आला.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार मूळची नागपूरची असून तीन वर्षांपासून आपल्या संस्थेत संगणकांचे जाळे सांभाळते. घटनेत अशा कामाचे पद नसल्याने तिला 'तारयंत्र लेखनिक' या जुन्या रिकाम्या पदावर घेण्यात आले. त्याबद्दल तक्रार नाही. संस्थेचा सर्व कारभार मराठीत आणि कागदावरच चालावा, हा आपल्या पूर्वजांचा नियमही अर्जदाराला मान्य आहे. बेंगळुरात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ दमल्यावर इथे येऊन मराठी लिहायला मिळते, हे सुखच आहे. म्हणून हा पाचवा अर्जही मराठीतच, आणि या खेपेस 'मी' न वापरता.

२. आनेकलच्या वृद्धनिवासात बावीस जण राहतात. प्रत्येकाच्या उशाशी एक घंटा आहे. ती दाबली की इंदिरानगरच्या आपल्या दवाखान्यात वाजते आणि तिथले डॉक्टर लगेच आनेकलमधलीच रुग्णवाहिका निवासाकडे पाठवतात. निवासात दिवसा एकच परिचारिका असते, तेव्हा घंटा हाच काय तो आधार. ही घंटा तारेवरून कोणत्या वाटेने न्यायची, ते राउटर नावाचे यंत्र ठरवते. संस्थेचे असे तीन राउटर आहेत. आनेकलहून इंदिरानगरला एक थेट तार जाते आणि दुसरी शिवाजीनगरवरून वळसा घेऊन.

३. पूर्वी या वाटा हाताने लिहून ठेवलेल्या होत्या. घंटा थेट तारेवर सोडायची, एवढेच आनेकलच्या राउटरला शिकवलेले. ती तार तुटली, तरी तो बिचारा घंटा त्याच तुटक्या तारेवर सोडत राही. वळशाची तार शाबूत असे, पण 'तिकडून जा' असे सांगायला माणूस लागे. दुरून सांगावे, तर सांगण्याची वाटही तीच तुटलेली. मग अर्जदाराने शिवाजीनगरहून बस धरायची, मार्केटला बदलायची आणि अडीच तासांनी आनेकलला पोचून चार ओळी टंकायच्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा बंदोबस्त होता. गेल्या जूनमध्ये निवासातले आप्पाजी न्हाणीघरात घसरले, तेव्हा सरपटत खाटेपाशी येऊन सव्वा तास घंटा दाबत होते. त्यांचे खुब्याचे हाड मोडले.

४. त्यानंतर कार्यकारिणीने अर्जदाराला 'गतिमान मार्गनिर्धारण' बसवण्यास परवानगी दिली. परवानगी देणाऱ्यांत आपणही होता, हे अर्जदार विसरलेली नाही. दि. २० जुलैच्या रविवारी हे काम झाले. त्याला ओएसपीएफ म्हणतात. नाव अवघड असले, तरी रीत घरगुती आहे. ती अर्जदाराने निवासातल्या मंडळींना एका दाखल्याने सांगितली होती, आणि तो दाखलाही त्यांच्याच घरातला होता.

सोयराबाई आणि कमलाअक्का यांच्या खोल्या लागून आहेत. दुपारच्या जेवणाआधी कमलाअक्का भिंतीवर दोनदा टकटक करतात, पलीकडून सोयराबाई दोनदा उत्तर देतात, आणि दोघी निघतात. उत्तर आले नाही, तर कमलाअक्का वऱ्हांड्याने वळसा घालून बघायला जातात. राउटर हेच करतात. दर दहा सेकंदांनी एकमेकांना नमस्कार घालतात. चाळीस सेकंद नमस्कार ऐकू आला नाही, की त्या बाजूचा शेजारी गेला असे धरून वळशाची वाट घेतात. कोणाला बस धरावी लागत नाही.

५. पुढच्या सात आठवड्यांत थेट तार तीनदा तुटली आणि घंटा एकदाही चुकली नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात न येणे हेच या कामाचे यश असते आणि तेच त्याचे दुर्दैव.

६. इथेच घोडे पेंड खाते. आपले आवक-जावक लेखनिक श्री. गुंडोराव यांनी सप्टेंबरात राउटरची छापील नोंद पाहिली आणि विचारले, "हे दोघे इतके काय बोलतात?" अर्जदाराने प्रामाणिकपणे सांगितले की नमस्कार घालतात. प्रामाणिकपणा नडला. घटनेच्या नियम १४ प्रमाणे दोन शाखांमधील कोणताही संदेश क्रमांक घालून नोंदवहीत चढवल्याशिवाय पाठवता येत नाही. गुंडोराव दुष्ट नाहीत. एकेचाळीस वर्षे त्यांनी एक पोस्टकार्डसुद्धा बिननोंदीचे जाऊ दिलेले नाही. अर्जदाराने खूप समजावले. ते शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे, नमस्कार तर नमस्कार. पण नोंद नको का, अक्का?"

७. नोंद न केल्यास नमस्कार बंद करावा, अशी सूचना दि. ८ सप्टेंबरला आली. तेव्हा अर्जदाराने जे केले ते वेडेपणाचे होते, हे तिला मान्य आहे. तिने नोंद करायला घेतली. एकटीला जमेना. मग निवासातल्या मंडळींनीच वह्या मागून घेतल्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पाळ्या लावून, दोघे दोघे बसत. एकाने पडद्यावर बघून वेळ सांगायची, दुसऱ्याने 'आनेकल ते शिवाजीनगर, नमस्कार' असे लिहायचे. दिवसाला चार हजार तीनशे वीस ओळी होत. रात्रीचे नमस्कार थकीत राहिले, ते राहिलेच. सोयराबाईंनी संस्थेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. त्या प्रत्येक पानावरचे काना-मात्रे तपासत आणि वाकड्या ओळीवर तांबडी खूण करत. आप्पाजी खुर्चीत बसून लिहीत. त्या दिवसांत निवासात कोणी दुखण्याखुपण्याचे बोलले नाही, हेही नमूद करणे भाग आहे.

८. अकरा दिवसांत दहा वह्या संपल्या. नव्या वह्यांच्या खरेदीला मंजुरी मिळाली नाही.

९. त्यावर कार्यकारिणीने दि. २८ सप्टेंबरला तोडगा काढला. राउटरांनी दिवसातून एकदा, सकाळी दहा वाजता, सुटीचे दिवस वगळून नमस्कार करावा. अर्जदाराने कळवले की नमस्कारांतले अंतर या यंत्रात फार तर अठरा तास आणि वर बारा मिनिटे ठेवता येते, आणि सुटी कशी घ्यायची हे त्याला कळत नाही. मग दर अर्ध्या तासाने एक, असे ठरले. तेवढे गुंडोराव स्वतः लिहू शकतात. परंतु हा ठराव मुख्य कार्यालयापुरताच लागू होता. आनेकलच्या राउटरबद्दल आनेकल उपसमितीने ठरवायचे होते, आणि उपसमितीचे अध्यक्ष मुलीकडे परदेशी गेले होते.

१०. महोदय, नमस्काराचे अंतर दोन्ही टोकांना सारखे नसेल, तर राउटर एकमेकांना शेजारी मानतच नाहीत. एकाने दहा सेकंदांनी आणि दुसऱ्याने अर्ध्या तासाने नमस्कार घालायचा असेल, तर ओळखच होत नाही. समोरून नमस्कार आला, तरी तो फेकून दिला जातो. शिवाजीनगर बदलले आणि आनेकल तसेच राहिले, तर वळशाची वाट बंद होणार, हे अर्जदाराला पक्के ठाऊक होते. तिने तसे लेखी दिले. गुंडोराव म्हणाले, "उपसमिती बसेपर्यंत स्वल्प अड्जस्ट माडी, थोडे जुळवून घ्या." अर्जदाराने अड्जस्ट केले. कंत्राट डिसेंबरात संपते, ते पुन्हा व्हावे असे तिला वाटत होते. दि. ७ ऑक्टोबरला तिने स्वतःच्या हाताने शिवाजीनगरच्या राउटरवर अंतर बदलले. हे कोणी तिच्याकडून हात धरून करवले नाही.

११. दि. १४ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पाण्याच्या नळासाठी रस्ता खणताना थेट तार तुटली. आनेकलच्या राउटरने चाळीस सेकंद वाट पाहिली, वळशाकडे वळला, आणि तिकडे त्याचा कोणी शेजारी नव्हता. अकरा चाळीसला सोयराबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांनी घंटा दाबली. निवासातल्या यंत्रात नोंद आहे. त्यांनी ती अकरा वेळा दाबली. परिचारिका औषधे आणायला गावात गेली होती.

साडेबारा वाजता कमलाअक्कांनी भिंतीवर दोनदा टकटक केली. उत्तर आले नाही. त्या वऱ्हांड्याने वळसा घालून गेल्या. त्यांचे वय एक्याऐंशी आहे. तिथून त्या अनवाणी रस्त्यावर गेल्या आणि रिक्षा थांबवली.

१२. सोयराबाई वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले की तासभर आधी आणले असते, तर दोन्ही बहुधा राहिल्या असत्या. हे वाक्य अर्जदार रोज ऐकते, कोणी बोलत नसतानाही.

१३. त्याच दिवशी दुपारी अर्जदाराने, कोणाचीही परवानगी न घेता, शिवाजीनगरचे अंतर पुन्हा दहा सेकंदांवर आणले. म्हणजे वरातीमागून घोडे. तरी त्यानंतर तार दोनदा तुटली आणि घंटा चुकली नाही. या अनधिकृत कृत्याबद्दल दि. १० नोव्हेंबरचा आपला आदेश आला आहे. सोमवार दि. १७ रोजी सकाळी दहा वाजता गतिमान मार्गनिर्धारण काढून टाकावे आणि वाटा पूर्ववत हाताने लिहाव्यात, असे त्यात म्हटले आहे. चौकशीअंती अर्जदारावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. तिने ती कमावलेली आहे. पण घंटेने काय केले?

१४. सोमवारीच सोयराबाईंना रुग्णालयातून निवासात परत आणत आहेत. सकाळी नऊच्या सुमारास त्या पोचतील. पूर्वी घंटा चुकली, तर त्या निदान हाक मारू शकल्या असत्या. आता त्यांना हाक मारता येत नाही. डावा हात चालतो. त्या हाताने त्या दोनच गोष्टी करू शकतात. घंटा दाबणे आणि भिंतीवर टकटक करणे. आदेश अमलात आला आणि रस्ता पुन्हा खणला गेला, तर त्यांच्याकडे फक्त भिंत उरेल. भिंतीपलीकडे एक्याऐंशी वर्षांच्या कमलाअक्का आहेत, आणि त्या दुपारी झोपतात.

१५. तरी विनंती, नव्हे याचना, की आदेश मागे घ्यावा. नियम १४ आडवा येत असेल, तर अर्जदार दररोज राउटरची संपूर्ण नोंद छापून, दोऱ्याने बांधून, गुंडोरावांच्या टेबलावर ठेवील. कंत्राट डिसेंबरात संपले, तरी नंतरही येऊन ठेवील. गुंडोरावांनी यास तोंडी 'सरी' म्हटले आहे. लेखी म्हणायला त्यांना आपली सही हवी आहे.

१६. आदेश मागे घेणे शक्य नसल्यास एवढेच नम्रपणे कळवायचे आहे की, सोमवारी ते काम अर्जदाराच्या हातून होणार नाही. एकदा झाले, तेवढे पुरे आहे. राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात सोबत जोडला आहे. टंकायची आज्ञा एकाच ओळीची आहे, तीही पाकिटात लिहिली आहे. ती आपण स्वतः आनेकलला येऊन टंकावी. निवासात इन्व्हर्टर कमलाअक्कांच्याच खोलीत असल्याने राउटर तिथल्या कपाटात ठेवलेला आहे. समोर बसायला स्टूल आहे. त्या स्टुलावर बसले की पाठ भिंतीला टेकते, आणि भिंतीपलीकडे सोयराबाईंची खाट आहे. आपणास पहिलीत अक्षर गिरवायला त्यांनीच शिकवले, असे त्या सांगत असत.

टंकताना पाठीमागून दोनदा टकटक ऐकू आली, तर कृपया हातातले काम थांबवून दोनदा उत्तर द्यावे. उत्तर आले नाही, तर त्या घंटा दाबतील.

नियम मोडून पुन्हा नियमाच्याच दारात उभी असलेली,
आपली नम्र,

(स्मिता देवपुजारी)
शिवाजीनगर, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) पूर्वीचे चार अर्ज.
२) दि. १४ ऑक्टोबरची घंटेची नोंद, अकरा ओळी.
३) जावक नोंदवही क्र. ७ मधील एक पान, सोयराबाईंच्या तांबड्या खुणांसह.
४) पासवर्डचे बंद पाकीट.
५) सोयराबाईंनी काल रुग्णालयात डाव्या हाताने लिहिलेला एक कागद. एकच शब्द आहे, 'नमस्कार'. ओळ वाकडी आहे. आवक नोंदवहीत चढवून घ्यावा.